चुकीच्या पानावरचा निबंध

१४ जानेवारी

प्रिय ताई,

परवा फोनवर तू पुन्हा पुन्हा विचारलेस, "काय झालंय?" आणि मी पुन्हा पुन्हा "काही नाही" म्हटले. तुला ठाऊकच आहे, फोन कानाला लागला की माझे शब्द घशातच अडकतात. शेवटी तू वैतागून म्हणालीस, "मग लिही बाई, लिहिताना तरी तुझी वाचा बसत नाही." म्हणून लिहिते आहे.

आमच्या संस्थेत एक जागा कायम होणार आहे. आजवर मी इथे वर्षावर्षाच्या मुदतीवर काम करत आले. एप्रिलमध्ये निवड समिती बसेल. ही समिती प्रयोगशाळेत पाऊल टाकणार नाही. शीतपेटीतून नमुने काढताना बोटांना चिकटणारा बर्फ तिला दिसणार नाही. ती पाहणार आहे माझ्या प्रकाशित निबंधांची यादी आणि त्यापुढची संदर्भसंख्या. म्हणजे असे, की दुसऱ्या एखाद्या संशोधकाने आपल्या निबंधाच्या शेवटी माझ्या निबंधाचे नाव दिले, की माझा एक संदर्भ झाला. संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येकाच्या छायाचित्राखाली हा आकडा असतो, आणि तो रोज आपोआप बदलतो. माझा मात्र बदलत नाही. तो एकोणीस आहे.

शेजारच्या टेबलावर माझा एक सहकारी बसतो. आम्ही त्याला 'अंकगणित' म्हणतो, कारण सर्वांचे आकडे त्याला तोंडपाठ असतात. रोज सकाळी तो पिशवी खाली ठेवण्याआधी विचारतो, "काय, अजून एकोणीसच?"

माझे सर्वांत चांगले काम तुला माहीत आहे. तापाने गंभीर आजारी मुलांची मूत्रपिंडे निकामी होणार आहेत का, हे लघवीत बुडवायच्या एका पट्टीवरून आधीच कळते, असा दावा होता. मोठ्या माणसांत ते खरे आहे. मी चार वर्षे लहान मुलांचे नमुने तपासले आणि निष्कर्ष निघाला की पाच वर्षांखालच्या मुलांत ही पट्टी भरवशाची नाही. ती रंग न बदलता कोरी राहते, म्हणजे धोका नाही असे सांगते, आणि तरीही मूत्रपिंडे बिघडतात. मी शीर्षकातच तसे लिहिले होते. आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, "शीर्षकात 'नाही' आलं की संपादक पुढचं वाचतच नाहीत. 'मूल्यमापन' म्हण. त्यात सगळं मावतं." मग ते 'मूल्यमापन' झाले, एका लहानशा मासिकात छापले गेले, आणि तिथेच पडून राहिले. नकाराला वाचक नसतो, ताई.

तू दवाखान्यात दमलेली असशील आणि मी हे रडगाणे लावले आहे. राग मानू नकोस.

तुझी,
पोथी


३० जानेवारी

लाडक्या पोथे,

पत्र मिळालं. एकदा चिडून वाचलं, एकदा हसून. अगं, बहिणीला लिहितेस की परीक्षकांना? "निष्कर्ष निघाला" म्हणे! तुझं नाव आम्ही पोथी ठेवलं ते उगाच नाही. लपाछपीत सुद्धा पुस्तक घेऊन लपायचीस, आणि सापडलीस की वर म्हणायचीस, "थांब, एवढं पान संपू दे."

आता ऐक. त्या अंकगणिताला उद्या सांग, "हो, एकोणीसच. त्यातला एकही उसना नाही." बघू काय बोलतो. आणि तू सांगणार नाहीस हेही मला माहीत आहे. नुसती मान खाली घालून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसशील.

मला तुझ्या त्या जगातलं फारसं कळत नाही. मी लहान मुलांची डॉक्टर. माझ्याकडे आलेलं मूल खेळत घरी गेलं की माझं काम झालं, त्याखाली कुणी आकडा लावत नाही. पण तुझ्यासारखी चिवट मुलगी तिथे टिकली नाही, तर टिकणार तरी कोण? तू पाठवलेली निबंधाची छापील प्रत मी नीट जपून ठेवली आहे. वॉर्डातल्या सिस्टरना पहिल्या पानावरचं तुझं नाव दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगंबाई, एवढ्या बारीक अक्षरात?"

मावशीचा काल फोन होता. "ती वेळेवर जेवते का गं?" मी म्हटलं, "मावशी, तिला विचार ना." तर म्हणते, "ती फोनवर नुसती हं हं करते." घे, आता तुझ्या आईनेही हात टेकले.

ताई


२२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हे पत्र लहान आहे, आणि या खेपेला रडगाणे नाही.

आमच्या क्षेत्रातील एका फार मोठ्या प्राध्यापकांनी आढावा-निबंध लिहिला. एखाद्या विषयावर आजवर झालेले सगळे काम एकत्र मांडणारा निबंध म्हणजे आढावा. नवखे लोक आधी तोच वाचतात. त्यात माझ्या निबंधाचा संदर्भ आहे. आढावा येऊन थोडेच महिने झाले आहेत, आणि त्याच्या मागोमाग इतर निबंधांतून माझे नाव येऊ लागले आहे. संकेतस्थळ ज्या सूचीतून आकडे घेते, तिच्यात हे सारे एकदम या आठवड्यात चढले. सोमवारी सकाळी आकडा शंभराच्या पुढे गेला होता. अंकगणिताने पिशवी खांद्यावरच ठेवून पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "हे यंत्र बिघडलंय का?" दुपारी तोच माझ्यासाठी कॉफी घेऊन आला.

सर आजवर माझ्या टेबलाजवळ कधी आले नव्हते. मला नेहमी निरोप येई. काल ते स्वतः आले, उभ्याउभ्याच म्हणाले, "मी तुला सांगत होतो ना? 'मूल्यमापन'!" आणि निघून गेले.

तो आढावा मी अजून वाचलेला नाही. मासिक महागडे आहे, ग्रंथालयातून मागवले आहे. पण ताई, चार वर्षांच्या कामाला अखेर वाचक मिळाले. आईला तू सांग. मी सांगायला गेले तर पुन्हा हं हं होईल.

पोथी


१० मार्च

पोथे, पोथे, पोथे!

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, पण आता जे सांगते ते ऐकून माफ करशील.

आमच्या वॉर्डात तुझी पट्टी आली! कंपनीचा माणूस आला होता, गुळगुळीत कागदाचं पत्रक घेऊन. मोठे डॉक्टर त्याला दारातूनच परत पाठवणार होते. त्यांना नवीन काही आणलं की आधी शंकाच येते. पत्रकाच्या खाली बारीक अक्षरात संदर्भ होते, आणि चौथा संदर्भ कुणाचा? मी मोठ्यांदा ओरडलेच, "ही माझी मावसबहीण!" मोठे डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमची बहीण? खात्रीची?" मी म्हटलं, "सर, तिच्या इतकं काटेकोर माणूस मी पाहिलेलं नाही." "मग प्रश्नच मिटला," म्हणाले, आणि पट्ट्या मागवल्या.

आता तापाचं मूल आलं की आधी पट्टी. कोरी राहिली आणि बाकी ठीक दिसलं, तर औषध देऊन घरी पाठवतो. खाटा मोकळ्या होतात. एकेका खाटेवर दोन दोन मुलं झोपवण्याचे दिवस संपले म्हणायचे. सिस्टर तिला 'पोथीची पट्टी' म्हणतात. "पोथीची पट्टी लावली का रे?" असं वॉर्डभर ऐकू येतं, आणि माझी छाती अशी फुगते की विचारू नकोस.

तू मात्र गेले दोन आठवडे गप्प का आहेस? मोठी झालीस म्हणून आम्हाला विसरलीस वाटतं.

ताई


१३ मार्च

ताई,

काल फोनवर मी जे ओरडले ते तुला समजले का, याची मला खात्री नाही. प्रयोगशाळेतील सर्वजण वळून पाहत होते. म्हणून पुन्हा लिहिते, सावकाश.

पट्टीवर विसंबून एकाही मुलाला घरी पाठवू नका. माझा निबंध पट्टीच्या बाजूने नाही. तो तिच्याविरुद्ध आहे.

आढाव्याचा अंक मला फेब्रुवारीच्या अखेरीस मिळाला. त्यात एक वाक्य आहे: "लहान मुलांतही ही पट्टी विश्वासार्ह ठरली आहे." आणि त्या वाक्याला आधार म्हणून माझा निबंध. प्राध्यापकांनी बहुधा शीर्षक पाहिले, 'मूल्यमापन' वाचले, आणि मूल्यमापन झाले म्हणजे पट्टी उत्तीर्ण झाली असे धरले. मग मी इतर निबंध मिळवून एकेक तपासत गेले. सगळीकडे तेच वाक्य, थोडे इकडेतिकडे केलेले. त्यांच्यापैकी कुणी तरी मूळ निबंध वाचला असेल, अशी आशा मी बरेच दिवस धरली होती. पण माझा निबंध पान २१३ वर सुरू होतो आणि आढाव्यात चुकून ३१२ छापले आहे. ताई, जवळजवळ सर्वांनी ३१२ लिहिले आहे. म्हणजे सर्वांनी आढाव्यातून उतरवून घेतले. कुणी तो अंक उघडलासुद्धा नाही. उघडला असता तर ३१२व्या पानावर मासिकाच्या वर्गणीचे दर दिसले असते.

मी प्राध्यापकांना लिहिले. त्यांच्या साहाय्यकाचे उत्तर आले, "आपल्या स्वारस्याबद्दल आभार." मासिकाच्या संपादकांना लिहिले. ते म्हणतात, आढाव्याच्या लेखकाने चूक मान्य केल्याखेरीज दुरुस्ती छापता येत नाही. सरांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतले. "एप्रिलपर्यंत गप्प बस," ते म्हणाले. "संदर्भ हा संदर्भ असतो. मोजणारं यंत्र वाचत बसत नाही. जागा मिळू दे, मग हवी तेवढी दुरुस्ती छाप."

तुला कळवले नाही, कारण मला लाज वाटली. पहिल्या पत्रात तुला निष्कर्ष सांगितला होता, तेव्हा तुला तरी तो ठाऊक आहे, असे मी गृहीत धरले होते. पट्टी कुणाच्या वॉर्डात पोहोचली असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. आला होता. तो मी बाजूला सारला.

तुमच्याकडे सर्व ठीक आहे ना? लगेच कळव.

पोथी


२० मार्च

पोथी,

ठीक नाही.

तुझा फोन आला त्याच्या आदल्या आठवड्यात एका मुलीला आम्ही घरी पाठवलं होतं. चार वर्षांची. ताप होता, पट्टी कोरी. आईने विचारलं, "नक्की नेऊ ना डॉक्टर?" मी म्हटलं, "नक्की." तुझा फोन झाल्यावर मी रजिस्टर काढून एकेका घरी निरोप पाठवत होते, आणि तेवढ्यात ती बाई मुलीला कडेवर घेऊन दारात उभी. मुलीचं तोंड सुजलेलं, लघवी बंद. तिला मोठ्या रुग्णालयात हलवलंय. डायलिसिस चालू आहे.

पट्ट्या बंद केल्या. मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते उरलेल्या पट्ट्यांचं खोकं उचलून स्वतः भांडारात ठेवून आले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस तुला कळलं होतं. तुझा फोन आला तो मार्च निम्मा होत आल्यावर. मधल्या दिवसांत तू काय करत होतीस गं? पानांचे आकडे तपासत होतीस? एक ओळ टाकायची होतीस मला. लाज वाटली म्हणे!

आत्ता आणखी लिहिता येत नाही.


४ एप्रिल

प्रिय ताई,

तुझे पत्र मी रोज वाचते. मुलीची प्रकृती कशी आहे एवढे कळव. ते लिहिणे जड जात असेल तर एक शब्द पुरे.

ज्यांनी ज्यांनी माझा संदर्भ दिला त्या सर्वांना मी पत्रे पाठवली. थोडी उत्तरे आली. एकाने लिहिले की तुमच्या मूलगामी कार्यामुळेच आम्हाला प्रेरणा मिळाली. दुसऱ्याने विचारले की एकत्र निबंध लिहू या का. तिसरीने प्रामाणिकपणे कबूल केले, "वाचायला वेळ मिळाला नाही, पण परीक्षकांनी तुमचा संदर्भ घालायलाच लावला." त्या कंपनीला लिहिले, तर त्यांनी मला परिषदेत भाषणाचे आमंत्रण पाठवले. मी भिंतीवर डोके आपटते आहे, आणि भिंत मला टाळ्या वाजवून दाखवते आहे.

मुलाखत या महिन्याच्या अखेरीस आहे. काल सर पुन्हा आले. "समितीसमोर हा विषय काढायचा नाही," म्हणाले. मी विचारले, "सर, आणि त्यांनीच विचारलं तर?" ते म्हणाले, "ते आकडा विचारतील, अर्थ विचारणार नाहीत. आणि शहाणी असशील तर एवढं लक्षात घे. जागा गेली की तुझा पत्ता गेला. संस्थेचा पत्ता नसलेल्या बाईची दुरुस्ती कोण छापणार?"

ताई, मला राग याचा येतो की त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक नाही. आज निदान संपादक उत्तर तरी देतात. उद्या या संस्थेच्या नावाचा कागद हाती नसेल, तर तेही देणार नाहीत. मग पट्टी अशीच वॉर्डावॉर्डांत फिरत राहील आणि खाली माझे नाव असेल. गप्प राहून जागा मिळवावी आणि नंतर बोलावे, की आताच बोलावे? मला ठरवता येत नाही. आयुष्यात एकही प्रश्न मी उत्तरपत्रिकेत कोरा सोडला नव्हता.

पोथी


११ एप्रिल

पोथी,

डायलिसिस थांबवलं. मूत्रपिंडं पुन्हा काम करायला लागली आहेत. अजून तिथेच आहे, पण काल तिने नर्सच्या हाताला चावा घेतला. तिथल्या डॉक्टरने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी टेबलाखाली वाकून रडले, पेन शोधल्यासारखं करत.

मागच्या पत्रात मी तुला फाडून खाल्लं. त्यातलं निम्मं माझ्या वाट्याचं होतं. तू जानेवारीत स्वच्छ लिहिलं होतंस, "भरवशाची नाही". मी ते पत्र दोनदा वाचलं आणि त्यातला फक्त अंकगणित लक्षात ठेवला. तुझा निबंध तर कपाटात होता. मोठ्या डॉक्टरांनी "खात्रीची?" विचारलं तेव्हा मी "माझी बहीण" म्हटलं. "वाचलंय" म्हटलं नाही, कारण वाचलंच नव्हतं. तुझ्या त्या तीनशेबारावाल्यांत मलाही धर.

आता रोज थोडा थोडा वाचते आहे. तुझी भाषा म्हणजे दगडी भिंत आहे, बाई. पण वाचते आहे.

मुलाखतीत काय करायचं ते मी सांगणार नाही. जागा तुझी, पोट तुझं, आणि मला उपदेश करायचा अधिकार उरलेला नाही. तू काहीही केलंस तरी मावशीला मी सांभाळते.

ताई


२६ एप्रिल

प्रिय ताई,

मुलाखत काल झाली. घडले तसे लिहिते.

लांब टेबल, पलीकडे पाच जण, कडेला सर. माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला होता. मी तो बाजूला सरकवला. समितीच्या अध्यक्षाबाईंनी माझी यादी उघडली आणि हसून म्हणाल्या, "एका वर्षात एवढी झेप! हा तर आमच्या संस्थेचा विक्रम असावा. या प्रभावाचं श्रेय तुम्ही कशाला देता?"

मी पाठ करून काही नेले नव्हते. तोंडून निघाले, "न वाचण्याला."

"म्हणजे?"

मग मी बोलू लागले. फार हळू बोलले असावे, कारण टोकाचे गृहस्थ कानाला हात लावून पुढे झुकले. मी शीर्षक सांगितले, निष्कर्ष सांगितला, आढाव्यातले वाक्य सांगितले. एका वॉर्डात काय झाले तेही सांगितले. ठिकाण आणि नाव सांगितले नाही. सर खिडकीबाहेर पाहत होते.

बाहेरून आलेले एक सदस्य मध्येच म्हणाले, "एक मिनिट. मीही तुमचा हा निबंध उद्धृत केलेला आहे."

"हो सर," मी म्हटले. "पान तीनशे बारा."

"बरोबर, मग?"

"सर, त्या पानावर वर्गणीचे दर आहेत."

कुणीतरी खोकले, पण तो खोकला नव्हता, दाबलेले हसू होते. त्या सदस्यांचा चेहरा लालबुंद झाला. ते म्हणाले, "सारांश मी नक्की पाहिला होता." मग त्यांनी कागद चाळायला सुरुवात केली आणि माझ्याकडे पुन्हा पाहिले नाही.

अध्यक्षाबाई समजुतीने म्हणाल्या, "हे बघा, तुमची तळमळ कळली. पण संदर्भ तर झाले ना? आकडा खोटा नाही."

"आकडा खरा आहे, मॅडम. पण तो मोजू नका. माझे एकोणीस मोजा."

"एकोणिसावर ही जागा देता येत नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. ती फक्त माहिती होती.

बाहेर आल्यावर बाकावर अंकगणित बसला होता. त्याची पाळी माझ्यानंतर होती. त्याने विचारले, "कसं झालं?" मी सगळे सांगितले. त्याने वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधली. मग म्हणाला, "माझं बरं आहे. माझे निम्मे संदर्भ मीच दिलेत. निदान एक वाचक तरी नक्की." आम्ही दोघे हसलो. मग त्याला आत बोलावले.

पोथी


१८ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझी तीन पत्रे आली, मी एकालाही उत्तर दिले नाही. लिहिण्यासारखे काही घडेपर्यंत थांबायचे ठरवले होते.

जागा अंकगणिताला मिळाली. मला आणखी एक वर्षाची मुदत मिळाली आहे, तीही शेवटची. समितीच्या अहवालातील माझ्याबद्दलचे वाक्य असे: "उमेदवारास स्वतःच्या कार्याच्या प्रभावाविषयी पुरेसा विश्वास नाही." सर माझ्याशी बोलतात, पण पुन्हा निरोप पाठवून. आईला काय सांगितलेस ते मला माहीत नाही. पण ती आता जेवणाचे विचारत नाही, पुस्तक कुठले वाचतेस ते विचारते. काय सांगितलेस?

ज्या लहान मासिकात मूळ निबंध आला होता, त्याच्या संपादकांनी अखेर माझी दुरुस्ती छापली. एक पान. या वेळी शीर्षकात सारे स्पष्ट आहे: पाच वर्षांखालील मुलांत ही पट्टी वापरू नये. मी कुणालाही विचारून लिहिले नाही.

गेल्या आठवड्यात दुरुस्तीला पहिला संदर्भ मिळाला. धावत जाऊन तो निबंध उघडला. वाक्य असे आहे: "लहान मुलांतील या पट्टीची उपयुक्तता आता वारंवार सिद्ध झाली आहे." पुढे कंसात माझे दोन्ही निबंध, जोडीने.

आकडा दोनने वाढला. अंकगणिताने पिशवी खाली ठेवली, माझ्या पडद्याकडे पाहिले आणि जाऊन आपला संगणक सुरू केला. मी त्या लेखकाला पत्र लिहायला घेतले, आणि दोन ओळींनंतर पेन खाली ठेवून तशीच बसून राहिले. ताई, माझे हात खरोखर थकले आहेत. आता कुणाकुणाला लिहू?

पोथी


१ सप्टेंबर

पोथे,

मावशीला मी सांगितलं, "तुझ्या मुलीने पाच मोठ्या माणसांना गप्प केलं." एवढंच. बाकीचं तिने मनाने रचलं असेल.

कुणाकुणाला लिहू, विचारतेस. मला लिही. माझं वाचून झालं आहे. पहिलं पान ते शेवटचं पान, तळटीपांसकट, आणि तुझी दुरुस्तीही. मोठ्या डॉक्टरांनीही निबंध वाचला. आम्ही दोघं जेवणाच्या सुट्टीत भांडत भांडत वाचत होतो. वॉर्डात आता मोठ्या अक्षरात कागद लावलाय: लहान मुलांना ही पट्टी नाही. कंपनीच्या माणसाला मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "चौथा संदर्भ आधी वाचून ये, मग बोलू." तो परत आला नाही. दुसऱ्या रुग्णालयात गेला असणार, मला भ्रम नाही. शेजारच्या रुग्णालयातल्या बालरोगवाल्या माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना तुझी प्रत दिली आहे आणि समोर बसवून वाचायला लावली आहे.

पण एक गोष्ट आम्हा दोघांना कळली नाही. तक्ता दोनमध्ये जेवढी मुलं आहेत, तक्ता तीनमध्ये त्याहून नऊ कमी आहेत. मोठे डॉक्टर म्हणतात छपाईची चूक. मी म्हटलं, पोथीची बेरीज चुकत नाही. कुठे गेली ती नऊ मुलं?

ताई


९ सप्टेंबर

प्रिय ताई,

छपाईची चूक नाही.

तक्ता दोन पहिल्या दिवशीच्या नमुन्यांचा आहे. तक्ता तीनमध्ये पहिला आणि दुसरा नमुना यांची तुलना आहे, आणि दुसरा नमुना पुढच्या दिवसांत घ्यायचा होता. ती नऊ मुले तोपर्यंत राहिली नाहीत. आम्ही पट्टीवरून उपचार ठरवत नव्हतो, फक्त मोजत होतो. त्यांचे डॉक्टर जे करायचे ते करतच होते. तरी मूत्रपिंडे निकामी होऊन ती गेली. सर म्हणाले, अपुऱ्या नमुन्यांची मुले तक्त्यात घेता येत नाहीत. म्हणून ती गळली, आणि खाली बारीक अक्षरात मी लिहिलेले "नऊ वगळली" हेही संपादकांनी जागेअभावी काढले.

मासिकाच्या परीक्षकांनी ती कुठे गेली हे विचारले नाही. प्राध्यापकांनी, संपादकांनी, समितीने विचारले नाही. ज्या सर्वांनी माझे नाव लिहिले त्यांच्यापैकी एकानेही विचारले नाही. आजवर मी हे कुणाला सांगितले नव्हते, कारण कुणी विचारल्याखेरीज हे कसे सांगायचे ते मला येत नाही.

त्यांच्यातला शेवटचा मुलगा नमुन्याची बाटली हातातून सोडत नव्हता. त्याला ती खेळणे वाटली होती. मी दुसरी बाटली आणली, तिचे झाकण त्याला उघडून-लावून दाखवले, तेव्हा कुठे अदलाबदल झाली. त्याचा नमुना मी स्वतः तपासला. पट्टी कोरी होती. तो गेल्याचे दुसऱ्या दिवशी कळले, तेव्हा मला वाटले माझ्याच हातून काहीतरी चुकले. म्हणून त्या नऊही मुलांचे जपून ठेवलेले नमुने मी शीतपेटीतून बाहेर काढले आणि नव्या पट्ट्या घेऊन पहिल्यापासून सगळे पुन्हा तपासले.

नऊपैकी सात पुन्हा कोऱ्याच होत्या, ताई. माझे काही चुकले नव्हते.

तुझी,
पोथी